दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट: आधी जोडणी, मग बाकीचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: तू पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून आली आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम. चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय लागलाय. चौघांचा ग्रुप आहे आणि बाकीच्या तिघांचं अकरावी-बारावीला सीबीएसईत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून झालीय. तुला फक्त सी ही भाषा येते, म्हणून त्यांनी तुला 'रिपोर्ट आणि पीपीटी तू बघ' असं सांगून टाकलंय. या विषयात नेमकं काय करायचं असतं, परीक्षकांचं पॅनल काय विचारतं, आणि ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरेल का, एवढं तुला हवंय.

मी २२ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय आणि गेली ९ वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत प्रोजेक्टच्या पॅनलवर बसतोय, काही ग्रुपना गाईडही केलंय. त्या अनुभवावरून सगळ्यात आधी एकच सांगतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे: फक्त रिपोर्ट आणि पीपीटी हे काम घेऊ नकोस.

पॅनलवर मी दर वर्षी हे बघतो. ग्रुप आत येतो, एक मुलगा लॅपटॉप उघडतो, मुलगी पहिल्या चार स्लाइड वाचते, मग डेमो मुलगा दाखवतो. मी मुलीला विचारतो, 'हे बटण दाबल्यावर पुढे काय होतं?' ती मुलाकडे बघते. तो उत्तर देतो. तिला काही येत नाही असं नसतं. तीन महिने तिला कोडला हात लावू दिलेला नसतो आणि तिनेही मागितलेला नसतो. सुरुवातीला पायथन येणं ही तीन-चार आठवड्यांची आघाडी आहे, त्याहून जास्त नाही. सीमध्ये फंक्शन, ॲरे, लूप, पॉइंटर जिला कळलेत तिला पायथनचं व्याकरण दोन रविवारांत जमतं. ग्रुपला आजच सांग की रिपोर्टचे चार भाग चौघं लिहितील आणि कोडचा एक पूर्ण तुकडा, अगदी छोटा असला तरी, माझा असेल. हे पहिल्या आठवड्यात सांगणं सोपं असतं. आठव्या आठवड्यात कोणी ऐकत नाही.

आता विषयाबद्दल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) पहिल्या वर्षाला एकदा आणि दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या सेमिस्टरला पुन्हा 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' आला. पॅटर्न बदलला की नाव आणि विषयाचा नंबर बदलतो, गाभा तोच राहतो: लेक्चर कमी, गाईडशी आठवड्याच्या भेटी, दोन-तीन रिव्ह्यू, शेवटी प्रेझेंटेशन, आणि गुण मुख्यतः सत्रभराच्या कामाचे. ही पद्धत जगात नवी नाही. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली सुरू झालं ते याच पायावर, तिथे विद्यार्थी दर सत्राला ग्रुपने एखादा प्रश्न घेऊन त्यावर काम करतात. पण तिथे प्रोजेक्टला सत्राचा मोठा हिस्सा मिळतो. आपल्याकडे तुम्ही तेच काम चार-पाच थिअरी विषय, त्यांची प्रॅक्टिकल्स आणि असाइनमेंट सांभाळून करता. त्यामुळे प्रोजेक्टचा आकार ठरवताना वेळेचा हिशोब कागदावर मांडायलाच हवा.

तो हिशोब असा. सत्र कागदावर १४-१५ आठवड्यांचं. त्यातून इनसेमचा (सत्राच्या मधल्या परीक्षेचा) आठवडा आणि त्याआधीचा अभ्यासाचा आठवडा गेला. गॅदरिंग गेलं. होळी, पाडवा आणि घरी जाणं धर. शेवटचे दोन आठवडे सबमिशनचे, त्यात जर्नल सर्टिफाय करून घेण्यापलीकडे काही होत नाही. उरले नऊ-दहा आठवडे. आठवड्याला प्रामाणिकपणे चार तास दिले तर एका माणसाचे ४० तास, चौघांचे १६०. कंपनीत एक इंजिनिअर महिनाभरात एवढे तास काम करतो. म्हणजे तुमच्या अख्ख्या ग्रुपकडे एका माणसाचा एक महिना आहे, आणि तो माणूस अजून शिकतोय. 'फेस रेकग्निशनवर हजेरी, शिवाय अ‍ॅप, शिवाय पालकांना एसएमएस' हे या १६० तासांत बसत नाही. बसल्यासारखं दाखवलं जातं आणि पॅनलला ते दिसतं.

मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा जोडणीचा आहे. जवळजवळ प्रत्येक ग्रुप पहिल्या दिवशी काम वाटून घेतो: लॉगिन याचं, डेटाबेस त्याचं, स्क्रीन हिचं, रिपोर्ट तिचा. मग सगळे आपापल्या खोलीवर जातात. दर आठवड्याला गाईडला सांगतात, 'सर, माझा मॉड्यूल (वाट्याचा तुकडा) ८० टक्के झालाय.' खोटं नसतं ते. सबमिशनच्या तीन दिवस आधी चौघं एकत्र बसतात आणि तुकडे जोडायला घेतात, तेव्हा कळतं की एकाने रोल नंबर आकडा धरलाय, दुसऱ्याने अक्षरांसकट मजकूर. एकाची तारीख दिवस-महिना-वर्ष, दुसरीची वर्ष-महिना-दिवस. लॉगिन झाल्यावर कोण आत आलंय हे पुढच्या पानाला कसं कळणार, याचा विचार कोणीच केलेला नसतो, कारण ते कोणाच्याच मॉड्यूलमध्ये नव्हतं. मग ती रात्र. त्या रात्री एक जण टाइप करतो आणि तिघे मागे उभे राहतात.

एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. ग्राहकांची नोंद ठेवणारा प्रोजेक्ट होता, स्क्रीन नेटक्या, ग्रुप आत्मविश्वासाने बोलत होता. मी म्हटलं, टेबल (डेटाबेसमधला नोंदींचा तक्ता) उघडून दाखवा. टेबलात २५-३० ग्राहक होते आणि फॉर्ममधून भरलेल्या सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच: २१४७४८३६४७. मुलांनी तो तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. झालं होतं असं की डेटाबेस करणाऱ्याने मोबाईलच्या कॉलमला साधा इंटिजर (पूर्णांक) हा प्रकार दिला होता. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी, म्हणजे प्रत्येक नंबर या मर्यादेच्या बाहेर. काही सेटिंगमध्ये डेटाबेस अशा वेळी एरर देऊन थांबतो, काहींमध्ये मुकाट्याने मावेल तेवढा सगळ्यात मोठा आकडा ठेवून देतो. यांच्याकडे दुसरं घडलं. फॉर्म करणाऱ्याने फॉर्म भरून बघितला होता, 'सेव्ह झालं' असा मेसेज आला होता. डेटाबेस करणाऱ्याने हाताने दोन नोंदी घातल्या होत्या, मोबाईलच्या जागी १२३४५. दोघांचंही आपापल्या जागी चाललं होतं. फॉर्म ते टेबल आणि टेबल ते स्क्रीन असा पूर्ण फेरा सत्रभरात एकदाही कोणी मारला नव्हता. चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात (मोबाईल नंबरची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवायचा), पण ती दिसायला पूर्ण फेरा मारावा लागतो.

म्हणून माझ्या हाताखालच्या ग्रुपना मी उलट्या बाजूने सुरुवात करायला लावतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला एक पान, एक बटण आणि एक टेबल हवं. पानावर नाव टाकलं, बटण दाबलं, ते टेबलात गेलं आणि दुसऱ्या पानावर दिसलं. रंग नको, लॉगिन नको, लोगो तर नकोच. एवढं ओबडधोबड पण आरपार चालणारं काहीतरी उभं राहिलं की मग प्रत्येकाने त्यातच भर घालायची आणि दर शुक्रवारी ते चौघांच्याही मशीनवर चालायला हवं. ज्या शुक्रवारी चालणार नाही त्या शुक्रवारी नवीन काही करायचं नाही, आधी ते चालू करायचं. हा नियम पाळलेला ग्रुप शेवटच्या आठवड्यात शांत असतो. त्यांची दोन फीचर राहिलेली असतात, पण जे आहे ते चालतं, आणि 'हे राहिलं, कारण वेळ पुरला नाही' हे पॅनलला सरळ सांगता येतं. त्याचे गुण जात नाहीत, गेले तरी फार थोडे.

'शेवटी सगळे मिळून बसू' यावर भिस्त ठेवू नकोस. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टीम/३६० या मोठ्या कॉम्प्युटरांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार होत होती. ते काम सांभाळणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे लिहून ठेवलं की आधीच लांबलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. कारण साधं आहे, नव्या माणसाला समजावून सांगण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो आणि बोलण्याच्या जोड्या वाढतात. चौघांत सहा जोड्या होतात, सहा जणांत पंधरा.

विषय कोणता घ्यावा? लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, शेतकऱ्यांसाठी भाव सांगणारं अ‍ॅप हे विषय वाईट नाहीत. अडचण ही की ते घेणाऱ्या बहुतेक ग्रुपनी एकाही ग्रंथपालाशी, नर्सशी किंवा अडत्याशी दहा मिनिटंसुद्धा बोललेलं नसतं. मग सॉफ्टवेअरमध्ये 'नोंद करा, बदला, काढून टाका' यापलीकडे काही येत नाही. रोज जाता-येता ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस शोधा आणि त्याचं एक दुखणं घ्या.

माझ्या एका ग्रुपने त्यांच्या खानावळीचा खाड्यांचा हिशोब घेतला होता. विषय ऐकून त्यांच्याच वर्गातली मुलं म्हणाली की हे फारच किरकोळ आहे. किरकोळ अजिबात नव्हतं. खाडा आदल्या रात्रीपर्यंत सांगितला तरच धरायचा. एका वेळेचा खाडा धरत नाहीत, सलग तीन दिवस असेल तरच पैसे वळते होतात. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद, मग रविवार अर्धा दिवस धरायचा की पूर्ण? महिना १२ तारखेला सुरू झालेल्या मुलाचा खाडा पुढच्या महिन्याच्या कार्डात जातो का? पाहुणा आणला तर? हे सगळे नियम काकूंच्या डोक्यात होते आणि त्यांनाही ते कधी एका ओळीत सांगावे लागले नव्हते. मुलांनी ते विचारून, लिहून, काकूंना वाचून दाखवून पक्के केले. 'शुक्रवार ते रविवार गावी गेलेल्या मुलाचे तीन दिवस धरायचे की अडीच' यावर काकूंनी स्वतः क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, 'तीन धरा, पोरगं प्रवासाचं भाडंही देतं.' प्रोग्रॅमिंग खरं इथे आहे. त्या एका वाक्याचा कोडमध्ये एक इफ (जर-तरची अट) झाला आणि त्या इफला कारण होतं.

आणि मुख्य गोष्ट सहाव्या आठवड्यात कळली. मुलांनी काकूंना हिशोबाची स्क्रीन दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, 'हिशोब माझ्या वहीत आहे रे. मला रोज सकाळी एवढंच सांगा की आज रात्री पोळ्या किती लागतील.' आज किती जण येणार, गुणिले चार, एवढी एक ओळ. ती ओळ सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत आली आणि तेव्हापासून काकू ते रोज उघडायला लागल्या. पॅनलपुढे त्या ग्रुपला 'रिक्वायरमेंट गॅदरिंग (वापरणाऱ्याची गरज समजून घेणं) म्हणजे काय' ही व्याख्या पाठ करून सांगावी लागली नाही.

मराठी नावं आली की आणखी एक अडचण येते. ती पुस्तकात सहसा नसते, म्हणून सांगतो. डेटाबेसची अक्षरसंच-सेटिंग चुकली तर देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात आणि एकदा तशी साठली की मूळ नाव परत मिळत नाही. सगळीकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) हवं: फाइल, डेटाबेस, दोघांमधलं कनेक्शन, तिन्ही. दुसरं, 'क्षमा' हे आपल्याला दोन अक्षरांचं नाव वाटतं, पण पायथनमध्ये त्याची लांबी पाच येते: क, हलन्त, ष, म, काना. नावाला लांबीची मर्यादा घातली असेल तर हे लक्षात ठेव. तिसरी अडचण शोधायला खानावळवाल्या ग्रुपला दोन दिवस लागले: 'बोऱ्हाडे' आडनावाचा मुलगा यादीत दिसायचा, पण शोधला की सापडायचा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणाऱ्या पद्धतीत, 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक 'र'खाली नुक्ता (टिंब) जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. नोंद एका कीबोर्डवरून झाली होती, शोध दुसऱ्यावरून. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एकाच रूपात आणायचा, पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे आणि काम एका ओळीचं आहे. पण ही ओळ त्या मुलांनी स्वतः शोधली होती, आणि पॅनलपुढे ती सांगताना चौघंही एकदमच बोलायला लागले.

तंत्रज्ञानाबद्दल माझा सल्ला एवढाच की एका सत्रात नवीन गोष्ट एक, फार तर दोन. तुमच्या ग्रुपला पायथन येतं, तर पायथन, त्यावर फ्लास्क (पायथनमध्ये वेबपानं करायचं साधन) आणि साठवायला एसक्यूलाईट. एसक्यूलाईटला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो. फक्त ते कॉलमच्या प्रकारांबाबत सैल आहे, इंटिजर म्हटलेल्या कॉलमात अक्षरंही घेतं, तेव्हा तपासणी आपल्या कोडमध्ये ठेवायची. यूट्यूबवर बघून रिअ‍ॅक्ट, नोड, मोंगो आणि क्लाउड हे सगळं एकदम उचललं तर १६० तासांतले १०० तास इन्स्टॉल करण्यात जातात.

गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) मात्र पहिल्या आठवड्यातच शिका, यात सूट नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कर्नलसाठी (त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी) लिहिलं, तिथे शेकडो माणसं एकाच कोडवर काम करत होती. चौघांनाही ते तितकंच उपयोगी आहे. नाहीतर काय होतं ते मी बघितलंय: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा झिप फाइल, आणि प्रेझेंटेशनच्या सकाळी कोणती खरी यावर चर्चा. सुरुवातीला पाच गोष्टी पुरतात: क्लोन (कोडची प्रत घेणं), कमिट (बदल नोंदवणं), पुल (इतरांचे बदल घेणं), पुश (आपले बदल पाठवणं), ब्रँच (वेगळी फांदी काढून काम करणं). मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली) आला की घाबरून फोल्डर डिलीट करून नव्याने घेऊ नका. फाइल उघडा, गिटने खुणा करून दाखवलेलं असतं की इथे तुझं हे आणि त्याचं ते. ज्याने ती दुसरी ओळ लिहिली त्याला शेजारी बसवा आणि दोघांनी ठरवा कोणती ठेवायची. पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) गिटहबवर, म्हणजे गिटचा कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकू नका. नंतर काढल्या तरी जुन्या कमिटमध्ये राहतात, म्हणून चुकून गेल्या तर बदलूनच टाका. कमिटचा मेसेज 'चेंजेस' असा नको, 'रविवारचा खाडा पूर्ण धरला' असा हवा. तीन आठवड्यांनी तो तुम्हालाच वाचायचा असतो. शिवाय बरेच परीक्षक हल्ली कमिटची यादी उघडतात. चौघांची नावं सत्रभर पसरलेली दिसली की पहिले दोन प्रश्न विचारायचीच गरज उरत नाही. तुझं नाव त्या यादीत पहिल्या महिन्यात आलंच पाहिजे.

अडल्यावर कसं विचारायचं हेही शिकावं लागतं. 'सर, चालत नाहीये' याला गाईड काय उत्तर देणार? मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररची अक्षरं जशीच्या तशी, ही चार वाक्यं लिही. ती लिहिता लिहिताच अनेकदा चूक सापडते. पायथनचा लांबलचक एरर आला तर शेवटच्या ओळीपासून वाच, काय बिघडलं ते तिथे असतं. मग वर जात आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव शोध, कुठे बिघडलं ते तिथे.

चॅटजीपीटीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचार मनात असणारच. २०२२ च्या अखेरीला ते आलं आणि त्यानंतरचे प्रोजेक्ट मी आधीच्या प्रोजेक्टशेजारी ठेवून पाहिलेत. स्क्रीन सुधारल्या, उत्तरं खालावली. वापरू नकोस असं मी म्हणणार नाही, मीही कामात वापरतो. आधी कॉलेजचा नियम काय आहे ते गाईडला विचार. त्यानंतर माझा नियम असा की जो कोड उद्या सकाळी कोऱ्या कागदावर साधारण तसाच लिहिता येणार नाही, तो आज प्रोजेक्टमध्ये घालायचा नाही. एररचा अर्थ विचार, दोन पद्धतींतला फरक विचार, तू लिहिलेल्या फंक्शनमध्ये चूक काढायला सांग, या वापराने तू खरंच शिकशील. अख्खं मॉड्यूल मागून चिकटवलं तर शिकायची संधी गेली, आणि ती फी भरून मिळालेली संधी होती. रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानंही आहेत. तिथला प्रोजेक्ट दोन कॉलेजांत एकाच आठवड्यात माझ्यासमोर आलेला आहे, नमुन्याच्या नोंदींतली नावंही तीच. त्या मुलांना बाहेर थांबायला सांगताना मला वाईट वाटलं होतं, कारण त्यांच्यातली दोघं तरी स्वतः करू शकली असती.

पॅनल काय विचारतं? व्याख्या फार नाही. मी सगळ्यात आधी टेबल उघडायला लावतो. मग एखादी चुकीची गोष्ट टाकून बघतो: रिकामं नाव, उणे आकडा, ३० फेब्रुवारी. मग एक छोटा बदल समोर करायला सांगतो. खानावळवाल्यांना मी म्हटलं होतं, 'काकूंनी नियम बदलला, आता दोन दिवसांचाही खाडा धरायचा, करून दाखवा.' त्यांच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीने फाइल उघडली, एके ठिकाणी तीनचा दोन केला आणि मग थांबून म्हणाली, 'सर, जुन्या महिन्यांचा हिशोब पण बदलेल याने. तारीख लावावी लागेल.' मी ते विचारणारही नव्हतो. तिला ते सुचलं, कारण तो हिशोब तिने स्वतः लिहिला होता. याशिवाय 'हे असंच का केलं, दुसऱ्या पद्धतीने का नाही' हा प्रश्न नक्की येतो. त्याला 'सोपं होतं आणि वेळ कमी होता' हे उत्तरही चालतं, पण ते खरं असावं. येत नसेल तिथे 'हे मी पाहिलेलं नाही' असं सरळ म्हण. बनवून सांगितलेलं उत्तर पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं आणि मग तुझी बरोबर उत्तरंही पॅनल संशयाने ऐकतं.

भाषेची भीती आहे तुला, ती मला प्रश्नातच दिसली. मीही मराठी माध्यमाचा. पुण्यातल्या पॅनलवर 'सर, मराठीत सांगू का' विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, मी तर लगेच म्हणतो. तरीही तयारी अशी कर: आधी प्रोजेक्ट घरी आईला किंवा भावाला फोनवर मराठीत समजावून सांग, कॉम्प्युटरचा एकही शब्द न वापरता. त्यांना कळला म्हणजे तुला कळलाय. मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, ग्रुपसमोर दोनदा. अडखळणाऱ्या इंग्रजीचे गुण मी कधी कापले नाहीत, माझ्याबरोबर बसलेल्या इतर परीक्षकांनीही ते कापलेले मला आठवत नाहीत.

ग्रुपमधल्या कामचुकारपणाबद्दल थोडंच सांगतो. कोणी सलग दोन शुक्रवार काही आणलं नाही तर त्याच्याशी आधी एकट्याने बोला, कारण कधी घरचं काही असतं, कधी त्याला येत नसतं आणि सांगायची लाज वाटत असते. दोन्हीवर उपाय आहे. तिसऱ्या शुक्रवारी गाईडला सांगा. सबमिशनच्या आदल्या दिवशी केलेल्या तक्रारीचं गाईडला काहीच करता येत नाही.

राहिला लॅपटॉप. फ्लास्क, एसक्यूलाईट, गिट आणि एखादा हलका एडिटर याला ४ जीबी रॅम पुरते, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवू नकोस एवढंच. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी लागते, तेव्हा ग्रुपमध्ये अ‍ॅपचा हट्ट निघाला तर हे कारण पुढे कर आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये नीट दिसणारं वेबपान सुचव, काकूंनीही तेच वापरलं होतं. आणि कॉलेजच्या लॅबमधल्या ज्या मशीनवर प्रेझेंटेशन होणार असेल तिथे या महिन्यातच एकदा प्रोजेक्ट चालवून बघ. फाइलचा पत्ता तुझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा घातलेला असेल तर तो तिथे चालणार नाही, आणि ते प्रेझेंटेशनच्या सकाळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.